पलंगाखालच्या दोन बॅगा

गुडघा बदलायचा असेल तर आधी दातांच्या डॉक्टरचा दाखला लागतो. स्पासेनियाबाईंच्या तोंडात स्वतःचा म्हणावा असा एकही दात उरला नव्हता, पण नियम तो नियम. त्या गेल्या, कवळी काढून हातात धरून बसल्या, आणि डॉक्टरने लिहून दिलं, ‘तोंडात दात नाहीत, सबब किडलेले नाहीत.’ खाली गोल शिक्का. स्पासेनियाबाईंनी नगरपालिकेत एकतीस वर्षं जन्ममृत्यूच्या नोंदी लिहिल्या होत्या, पण इतकं निर्दोष वाक्य त्यांच्या हातूनही कधी उतरलं नव्हतं. घरी येताना बसमध्ये त्यांनी ते दोनदा वाचलं.

हा दाखला सातवा. त्याआधी हृदयाचा, रक्ताचा, लघवीचा, फुप्फुसांचा असे सहा झाले होते, आणि यादीत नंबर लागायला तीन वर्षं. तीन वर्षांत दोनदा असं झालं की पहिल्या दाखल्याची मुदत सातवा मिळेपर्यंत संपली. पण स्पासेनियाबाईंनी हार मानली नाही. त्याला कारण होतं. गावाच्या डोक्यावर टेकडी, टेकडीवर दफनभूमी, आणि तिथे जायला एकशे चाळीस पायऱ्या. वर बाईंचे मिस्टर, व्लास्तिमिर मास्तर होते. शेवटच्या दोन वर्षांत बाईंना त्यांच्याकडे जाता आलं नव्हतं. धाकटा दीर झिवोयिन वहिनीच्या वतीने जायचा, मेणबत्ती लावायचा आणि खाली येऊन सांगायचा, “दादा मजेत आहे.” झिवोयिनला मेणबत्तीसुद्धा धड सरळ लावता येत नाही, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

मग एका गुरुवारी फोन आला. मंगळवारी सकाळी आठला हजर राहा. फोनवरच्या नर्सने कपड्यांची यादी इतक्या झपाट्याने सांगितली की बाईंनी ती जुन्या सवयीने सरकारी भाषेतच उतरवून घेतली. ‘समोरून उघडणारे सैल गाऊन, दोन. मागून बंद, न घसरणाऱ्या सपाता, एक जोड. अंतर्वस्त्रे नेहमीपेक्षा एक माप मोठी. सुजलेल्या व पट्टी बांधलेल्या पायावरून जाईल अशी ढगळ पँट, चालण्याच्या सरावासाठी. टॉवेल, कप, चमचा, साबण. घट्ट काही नको.’

यादी घेऊन त्या कपाटासमोर उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे दवाखान्यात नेण्यासारखं काहीही नाही.

म्हणजे कपडे होते. पण गाऊनला काखेत ठिगळ, सपातांचा अंगठा बाहेर, आणि आतल्या कपड्यांबद्दल आपण न बोललेलं बरं. व्हिएन्नाहून मुलगी स्नेझाना दर नाताळला नवं काहीतरी पाठवायची. ते सगळं बाई घडी मोडू न देता पलंगाखालच्या बॅगेत ठेवून द्यायच्या. ती बॅग मरणाची. आमच्याकडे साठी उलटली की बायका ही बॅग भरतात. अंगावर घालायचं सगळं कोरं, पायमोज्यांपासून रुमालापर्यंत, सोबत टॉवेल आणि मेणबत्ती. वेळ आली की लेकीसुनांची धावपळ नको. आणि कोरंच हवं, कारण जिवंतपणी एकदा अंगाला लागलेलं तिकडे चालत नाही.

तर सांगायचं काय, बाईंकडे मरायला उत्तम कपडे होते. जगायला नव्हते.

“मग त्यातलंच ने,” शेजारीण ल्युबिंका म्हणाली. ती कॉफी प्यायला आली होती. ती रोजच येते. “बारा डॉक्टर येऊन बघणार तुला. ठिगळाचा गाऊन घालून पडणार आहेस त्यांच्यापुढे?”

“अगं, पण ते मरणाचं आहे.”

“मेलीस तर तयारच असशील. नाही मेलीस तर नवं घे. लेक व्हिएन्नात कशाला ठेवलीये?”

रात्रीच्या फोनवर लेकीनेही तेच सांगितलं, फक्त ओरडून. “आई, मी तुला ते घालायला पाठवते! घालायला! पुरायला नाही!”

पलंगाखाली अशा दोन बॅगा होत्या. सारख्याच, तपकिरी. ज्या वर्षी मास्तरांना शाळेत बढती मिळाली त्या वर्षी समुद्रावर जायचं ठरलं होतं, तेव्हा त्यांनी जोडीने घेतलेल्या. आता एकीत बाईंचं मरण होतं, दुसरीत मास्तरांचं. गल्लत होऊ नये म्हणून बाईंनी आपल्या बॅगेच्या मुठीला लाल लोकरीचा दोरा बांधला होता.

आणि हो, मास्तरांची बॅग अजून भरलेलीच होती. मास्तर जाऊन चार वर्षं झाली तरी.

साथीचं वर्ष होतं ते. खोकला म्हणून नेलं आणि अकराव्या दिवशी फोन आला. बाईंनी बॅग उचलली, झिवोयिनच्या गाडीतून नव्वद किलोमीटर गेल्या आणि इस्पितळाच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. काळा सूट, पांढरा सदरा, लोकरीचे मोजे, सगळं आत. तोंडावर मास्क लावलेला पहारेकरी म्हणाला, “मावशी, कपडे घेत नाहीत. कोणाचेच घेत नाहीत. बंद पेटीत जातात सगळे.” त्याचा आवाज वाईट नव्हता, हे बाई अजूनही आवर्जून सांगतात. बॅग घेऊन त्या परत आल्या. ज्या माणसाने चाळीस वर्षं टायशिवाय भूमिती शिकवली नाही, तो कपड्यांविना गेला. कुठल्याशा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून.

सूट तर मास्तरांनी हौसेने शिवून घेतला होता. शिंप्याला म्हणाले होते, “मांडीत चांगली जागा ठेव रे. हा मला बराच काळ घालायचा आहे.” शिंपी हसून लोळला. पँट अशी ऐसपैस झाली की बाई म्हणाल्या होत्या, “हिच्यात अजून एक माणूस जाईल.”

त्यात भर म्हणजे, गेल्यावर मास्तर स्वप्नात यायला लागले. बाईंच्या नव्हे, ल्युबिंकाच्या. “काल पुन्हा आला होता,” ती कॉफी ढवळत सांगायची. “कुडकुडत होता बिचारा. अंगावर काही नाही.”

“काहीच नाही?”

“मी वर वर बघितलं.”

आपला नवरा शेजारणीच्या स्वप्नात, आणि तोही उघडा. यावर सभ्य बाईने काय बोलावं? स्पासेनियाबाईंनी कॉफीचे कप उचलले. आणि मनाशी ठरवून टाकलं. आपण जाऊ तेव्हा त्याचे कपडे आपल्या पेटीत घालायचे आणि तिकडे पोचते करायचे. असं करतात आमच्याकडे. मागून जाणाऱ्याबरोबर आधी गेलेल्याचं राहिलेलं पाठवतात. पण ते कोरं राहायला हवं. म्हणून त्या बॅगेला चार वर्षांत त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता.

सोमवारी आपली बॅग बाहेर काढून त्यात त्यांनी कप, चमचा, साबण घातला. मेणबत्ती काढून ठेवली. ढगळ पँट म्हणून लेकीने पाठवलेली व्यायामाची पँट ठेवली. तिच्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं, पण ते पाठीमागच्या बाजूला असल्यामुळे डॉक्टरांना दिसणार नव्हतं. बॅग दाराशी ठेवताच ल्युबिंका किंचाळली, “आदल्या दिवशी उंबऱ्यात भरलेली बॅग? परत यायचंय ना तुला?” म्हणून बॅग पुन्हा पलंगाखाली गेली.

मंगळवारी पहाटे झिवोयिन आला. त्याची गाडी उतारावरच सुरू होते, म्हणून ती वरच्या गल्लीत उभी. ल्युबिंका हजर होतीच. जाणाऱ्याचं काम पाण्यासारखं सुरळीत व्हावं म्हणून पायरीवर पाणी ओतायला ती तांब्या घेऊन तयार होती, आणि तेवढ्यात तिला आठवलं की स्पासेनियाला दृष्ट लागू नये म्हणून काहीच केलेलं नाही. लाल दोरा हवा. लाल दोरा कुठे? तिने घरभर शोधलं आणि शेवटी मिळवला. बाईंच्या मनगटावर तीन गाठी मारून बांधला, तीनदा थूथू केलं आणि म्हणाली, “जा आता. काही होत नाही तुला.”

“वहिनी, बॅग कुठली?” झिवोयिनने आतून विचारलं.

“पलंगाखालची! लाल दोऱ्याची!” बाई अंगणातून ओरडल्या.

झिवोयिनने वाकून पाहिलं. लाल दोरा कुठल्याच बॅगेला नव्हता. पण झिवोयिन हा प्रश्न विचारणारा माणूस नव्हे. त्याने पुढे असलेली उचलली.

इस्पितळाचं फाटक तेच होतं. पहारेकरी दुसरा. झिवोयिन बॅग घेऊन पुढे निघाला. बाई कुबडीवर मागे थबकल्या. पहारेकऱ्याने बॅगेकडे पाहिलंसुद्धा नाही. “जा, जा, तिसरा मजला.” तेव्हाही इतकं सोपं असतं तर, बाईंच्या मनात आलं, आणि त्यांनी ते तिथेच ठेवलं.

खोलीत तीन खाटा. एक रिकामी होती. खिडकीशी डोब्रिला नावाची काटकुळी बाई खुब्याचा सांधा बदलून पडली होती, आणि सात दिवसांत बोलायला कोणी मिळालं नव्हतं अशा वेगाने बोलत होती. झिवोयिनने डॉक्टरांसाठी आणलेली आलुबुखारांची घरची दारू नर्सच्या हातात कोंबली, वहिनीच्या गालांवर तीन मुके घेतले आणि उतारावर लावलेली गाडी घसरेल म्हणून पळाला. भेटायचा दिवस रविवार.

नर्स मिलुंका फॉर्म घेऊन आली. पेशंटच्या वस्तूंची नोंद करायची असते. बाईंनी मोठ्या अभिमानाने बॅग उघडली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे दाखवण्यासारखे कपडे होते.

वर काळा कोट होता. त्यावर घडी केलेला टाय. त्यावर मेणबत्ती.

डोब्रिला बोलायची थांबली. मग तिने क्रूसाची खूण केली. “बाई गं! ऑपरेशन उद्या आहे ना?”

“हे काय आहे, मावशी?” मिलुंकाने विचारलं.

स्पासेनियाबाईंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. लाल दोरा तिथे होता. तीन गाठी. तो कुठून आला ते त्यांना त्या क्षणी समजलं.

“माझ्या मिस्टरांचं आहे,” त्या म्हणाल्या.

“ते कुठे आहेत?”

“चार वर्षांपूर्वी इथेच होते.”

मिलुंकाने एकदम पेन खाली केलं. पण फॉर्म तर भरायचाच. तिने खाली मान घालून लिहिलं, ‘काळा सूट पुरुषाचा, एक. मेणबत्ती, एक.’ आणि हळूच विचारलं, “मेणबत्ती पेटवणार नाही ना, मावशी? ऑक्सिजन आहे इथे.”

फोन केला तर झिवोयिन अर्ध्या वाटेत होता, आणि गाडी सपाटीवर बंद पडली होती. आता तो रविवारीच येणार. ल्युबिंकाने फोनवर आधी थूथू केलं आणि मग म्हणाली, “बरं झालं की गं. आता मेलीस तर त्याचे कपडे तुझ्याजवळच आहेत.”

हे बोलणं बाईंना वाटलं तितकं वाईट नव्हतं. त्या रात्री त्यांनी डोब्रिलाला बजावून ठेवलं. “उद्या काही झालं तर ही बॅग माझ्याबरोबर घालायला सांगा.”

“आणि तुमच्या अंगावर?”

इथे मात्र बाई अडल्या. त्यांचं स्वतःचं सगळं नव्वद किलोमीटरवर. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, आणि स्वतःच्या मरणात असा गोंधळ. बॅग खाटेखाली सरकवताना त्यांना दुसरंच काही सुचलं. बॅग आत पोचली होती. चार वर्षं उशिरा, चुकीच्या माणसाबरोबर, पण पोचली होती. फक्त घ्यायला कोणी नव्हतं.

बुधवारी ऑपरेशन झालं. स्पासेनियाबाई मेल्या नाहीत.

गुरुवारी सकाळी मिलुंका चालायची चौकट घेऊन आली. “चला मावशी, उठायचं. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत.”

बाईंच्या अंगावर डोब्रिलाचा उसना गाऊन होता. डोब्रिला बाईंच्या निम्मी. गाऊन गुडघ्याच्या वर थांबला होता, मागची दोन बटणं सुटली होती आणि पोटावर झोपलेल्या अस्वलाचं चित्र ताणून जागं झाल्यासारखं दिसत होतं. कॉरिडॉरच्या टोकाला पुरुषांचा वॉर्ड. दारात तीन म्हातारे पायजम्यात उभे होते. सकाळचं मनोरंजन म्हणून ते तिथे रोज उभे राहायचे.

“मी या अवतारात जाणार नाही,” बाई म्हणाल्या.

“पँट आणायला सांगितली होती ना?”

“पँट घरी आहे.”

“मग चादर गुंडाळा.”

“मी नगरपालिकेत होते,” बाई म्हणाल्या. यापुढे काही सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

मिलुंका खाटेच्या कडेवर टेकली. “हे बघा मावशी. आज उठला नाहीत तर उद्या दुप्पट दुखेल. रविवारपर्यंत पडून राहिलात तर गुडघा धरेल, आणि धरलेला गुडघा जिने चढत नाही. तुम्हाला कुठे चढायचंय का?”

एकशे चाळीस, बाईंनी मनात म्हटलं.

“एक पँट आहे की तुमच्याकडे,” खिडकीशेजारून डोब्रिला म्हणाली. “ढगळ आहे. परवा बघितली मी.”

“ती त्याची आहे!” बाई इतक्या जोरात म्हणाल्या की कॉरिडॉरमधले म्हातारे वळले. “ती कोरी राहायला हवी. मी घातली तर त्याला काय नेऊ? आधीच तो तिकडे...” डोब्रिलाने दुसरीकडे पाहिलं. मिलुंकाने चौकटीचा स्क्रू उगाच घट्ट केला.

“पाच मिनिटांनी येते,” ती म्हणाली. “ठरवा.”

मिलुंकाने जाता जाता खाटेवर काढून ठेवलेली बॅग बाईंनी उघडली. पँट काढली. चार वर्षांनी त्या कापडाला हात लागत होता. नाकाशी नेली, डांबराच्या गोळ्यांचा वास येईल म्हणून. वास आला तो तंबाखूचा.

उजव्या खिशात काहीतरी टोचत होतं. त्यांनी हात घातला. सिगारेटचं पाकीट निघालं. आत सात सिगारेटी आणि एक लायटर.

मास्तरांनी सिगारेट सोडली त्याला मरताना नऊ वर्षं झाली होती. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली होती. बाई त्यांचे खिसे तपासायच्या, पुस्तकांमागे बघायच्या, परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्यात बघायच्या. मरणाच्या बॅगेत कोण बघणार? मास्तर भूमितीचे. सगळ्या घरात बायको जिथे हात लावणार नाही असा एकच बिंदू त्यांनी बरोबर शोधून काढला होता. म्हणजे बाई भाजीला जात, तेव्हा हा माणूस गुडघ्यांवर बसून पलंगाखालून स्वतःचं मरण ओढून काढत होता, खिशातून एक सिगारेट घेत होता, आणि बॅग पुन्हा आत सरकवत होता. किती वेळा? पाकिटं किती? कोरा सूट म्हणे! ज्या बॅगेला त्या चार वर्षं देवासारखं जपत होत्या, तिच्यात मास्तर गुपचूप जगत होते.

“लबाड माणूस,” स्पासेनियाबाई म्हणाल्या. “नऊ वर्षं!” आणि मग त्यांना रडू फुटलं. चार वर्षांत असं फुटलं नव्हतं. फाटकाशी नाही, दफनाच्या दिवशी नाही. डोब्रिला तीन दिवसांत दुसऱ्यांदा गप्प बसली.

रडताना राग येतो आणि रागात माणूस धीट होतो. मिलुंका परत आली तेव्हा बाई म्हणाल्या, “चढव ती पँट.”

पट्टी बांधलेला पाय त्या पँटमध्ये असा अलगद उतरला, जणू शिंप्याने माप त्याचंच घेतलं होतं. मांडीत जागाच जागा. कमरेला बँडेजच्या पट्टीने आवरली. वर अस्वलाचा गाऊन, खाली काळी इस्त्रीची पँट. बाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या. गुडघ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे सात सिगारेटी नाचल्या. एक पाऊल. दुसरं. कॉरिडॉर कधी संपेल असं वाटत असताना त्या पुरुषांच्या वॉर्डाशी पोचल्या. तिघा म्हाताऱ्यांपैकी एकाने टोपी काढली.

“पँट छान आहे, ताई,” तो म्हणाला. थट्टेने नव्हे.

“मिस्टरांची आहे,” बाई म्हणाल्या. वाटेत एकदा थांबून त्यांनी एक हात खिशात घातला आणि पाकीट जागेवर आहे ना ते बघितलं.

ऑक्टोबर उजाडला. ल्युबिंकाने सांगितलं की तिच्या स्वप्नात मास्तर येईनासे झाले आहेत. बाईंना ऐकून बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. एका कोरड्या दुपारी त्या ती पँट घालूनच टेकडीला लागल्या. झिवोयिन मागे होता. तीसला थांबल्या, सत्तरला बसल्या, शंभरला झिवोयिनच बसला. उरलेल्या चाळीस त्या एकट्याच चढल्या.

दगडासमोर मेणबत्ती वाकडी उभी होती. ती त्यांनी आधी सरळ केली. मग खिशातून पाकीट काढलं, एक सिगारेट ओठांत धरून पेटवली, खोकल्या, आणि ओढणाऱ्याला आमच्याकडे देतात तशी दगडाच्या कडेवर ठेवली.

“हे घे,” त्या म्हणाल्या. “सहा राहिल्यात. आणि ऐक व्लास्तिमिर, पँट मी घातलीये. कोट, सदरा तसाच आहे. डॉक्टर म्हणाले, गुडघा वीस वर्षं टिकतो. तोवर दम धर. धुवून, इस्त्री करून आणीन, येताना.”

टेकडीवर वारा होता. सिगारेट भराभर जळत होती. मास्तर नक्की तशीच ओढत असणार, पलंगाशी गुडघ्यांवर बसून, दाराकडे कान लावून.

“सावकाश ओढ,” स्पासेनियाबाई म्हणाल्या आणि दगडाशेजारी टेकल्या. “आता कोणी बघत नाही.”